काळ्या मातीची रेघ

दिवाळी सरली आणि कोपऱ्यावरचा वाणी म्हणाला, "मॅडम, नवा तांदूळ आलाय." मी मूठभर हातात घेतला, हुंगला आणि परत पोत्यात टाकला. त्याला कसलाच वास नव्हता. कुठून आलाय विचारलं तर त्यालाही सांगता आलं नाही. "माल वाशीवरून येतो," एवढंच म्हणाला.

आमच्या भागात हे भातकापणीचे दिवस. अजूनही येतात, पण नुसते हवेत येतात. पहाटे पातळ धुकं, दुपारी पाठ भाजणारं ऊन, लवकर पडणारी संध्याकाळ. शेतं उरली नाहीत तरी हवा आपला नेम चुकवत नाही. मी भिवंडीच्या कामतघरला राहते, निवृत्त झालेली भूगोलाची शिक्षिका आहे. कार्तिक लागला की माझं नाक हटकून कापलेल्या भाताचा वास शोधत राहतं. थोडा गोड, थोडा कुबट, ओला पेंढा, चिखल आणि लांबून येणारी खाडी असा तो वास. तो मिळणार नाही हे नाकाला कितीदा सांगितलं, पण त्याला काही शिकवता येत नाही.

आमचं शेत दापोड्याच्या पलीकडे, खाडीच्या अंगाला होतं. वडील नोकरीसाठी भिवंडीत आले, शेत धर्माकाका आणि ताराकाकी करायचे. कापणीला मात्र आम्ही सगळे जायचो. बायका ओळीनं वाकून कापत पुढे सरकायच्या, पुरुष भारे बांधायचे, आणि आम्ही पोरं बांधाच्या बिळांत काड्या घालून चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, बाहेर काढायचो. पायाखालची माती काळी, चिकट. वाळली की तिला भेगा पडायच्या, आणि त्या भेगांत कधी पांढरी शिंपली सापडायची. खाडी कधीकाळी इथवर होती, तिनं आणून टाकलेला गाळ आणि पिढ्यानपिढ्यांनी घातलेलं शेण यांतून ती माती झाली होती. हे मला पुढे पुस्तकांतून कळलं. तेव्हा ती फक्त आमची माती होती, नखांत जाऊन बसणारी.

रस्त्याकडच्या कोपऱ्यात भेंडीचं मोठं, सावलीचं झाड होतं. दुपारी सगळ्या बाया त्याच्याखाली जेवायला बसायच्या. तांदळाची भाकर, सुकटीची चटणी, कांदा. ताराकाकी पहिला घास तोंडात घालण्याआधी भाकरीचा एक तुकडा झाडाच्या बुंध्याशी ठेवायची. तिथं एक चपटा दगड होता. मला वाटायचं, म्हसोबा असेल. एकदा मी त्या दगडावर पाय देऊन वर चढायला गेले तर आईनं दंडाला धरून खेचलं.

"तिथं वनी आहे," आई हळूच म्हणाली.

वनी म्हणजे वनिता, काकीची पहिली मुलगी. बारसं झालं, ती हसायला लागली, आणि एका कापणीच्या दिवसांत तापानं गेली. दात न आलेल्या मुलाला आमच्यात जाळत नाहीत, पुरतात. काकानं तिला शेताच्या त्या कोपऱ्यात ठेवलं, कारण काकीनं तसं सांगितलं होतं. डोळ्यांसमोर राहील म्हणाली. नंतर किशोर झाला, आणखी मुलं झाली नाहीत. काकी वनीबद्दल कधी रडताना दिसली नाही. फक्त तो भाकरीचा तुकडा. आणि पेरणी असो, लावणी असो, कापणी असो, त्या कोपऱ्यात विळा ती स्वतः चालवायची. दुसऱ्या कुणाला तिथं जाऊ द्यायची नाही.

मग ते वर्ष आलं. मी तेव्हा शिक्षिका होऊन फार दिवस झाले नव्हते. आजूबाजूच्या शेतांत गोदामं उभी राहायला लागली होती. मुंबईतला माल मुंबईत मावेना, तो ठेवायला जागा हवी होती, आणि आमच्याकडे सपाट जमीन होती. आम्हाला कुणी लुटलं नाही, हे मी मुद्दाम सांगते. लुटलं असतं तर निदान रागवायला समोर कुणी असतं. लोक खुशीत होते. जो उठेल तो म्हणत होता, भात काय देतं, कंबर मोडून देतं. यात खोटं काही नव्हतं. धर्माकाकानंही ठरवलं. शेतावर भराव घालायचा, गोदाम बांधायचं, भाड्यानं द्यायचं. शेवटची कापणी झाली तेव्हा ती शेवटची आहे हे सगळ्यांना माहीत होतं, तरी कुणी त्याबद्दल बोललं नाही. भाऱ्यांच्या उडव्या रचल्या, झोडणी झाली, पेंढा विकला. त्या वर्षी भात बरं आलं होतं.

काकीनं एकच गोष्ट मागितली. ओटीवर आम्ही सगळे बसलेलो असताना ती काकाला म्हणाली, "तेवडा कोपरा सोडाचा. मना बाकी काय नको."

"सोडतो," काका म्हणाला. "ठेकेदाराला सांगतो."

भरावाला मुरूम लागतो. तो आला गावामागच्या टेकडीतून. सुरुंगाचे आवाज भिवंडीपर्यंत यायचे नाहीत, पण मी गावात गेले की तांब्यातलं पाणी हलताना पाहायचे. टेकडी वर तांबड्या मुरमाची, आत काळ्या दगडाची होती, कोट्यवधी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून वर आलेल्या लाव्ह्याची. मी शाळेत हेच शिकवत होते. फळ्यावर आडव्या रेघा ओढायच्या, खाली जुना थर, वर नवा थर. "पृथ्वी घाई करत नाही," हे वाक्य मी दर वर्गात म्हणायचे आणि मुलं ते परीक्षेत लिहायची. बाहेर डंपरची रांग लागलेली असायची. एका उन्हाळ्यात टेकडीचा अर्धा भाग खाडीच्या काठावर येऊन बसला. आज टेकडीच्या जागी हिरव्या पाण्याचा खोल खड्डा आहे आणि खाजणाच्या, खाडीकाठच्या सखल जमिनीच्या, जागी उंचवटा आहे. नकाशा काढणाऱ्यानं कागद उलटा धरला असावा, असं वाटतं.

त्याच चैत्रात काकीची आई आजारी पडली आणि काकी माहेरी वसईकडे गेली. आई काही दिवस जगली, मग गेली. दिवसवार करून काकी परत आली तेव्हा शेत नव्हतं. या टोकापासून त्या टोकापर्यंत तांबडा मुरूम, त्यावर रोलर फिरत होता. भेंडीचं झाड नव्हतं. मी त्या दिवशी गावातच होते. काकी रस्त्यावर उभी राहिली. हातातली पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही.

"कोपरा सोडाचा ठरला व्हता," ती म्हणाली.

काका तिच्याकडे बघत नव्हता. "प्लॅनमध्ये बसत न्हवता. पन तिला कोनी हलवली न्हाय, तारे. वरून माती टाकली निस्ती. खाली हाय ती. हाय तिथंच हाय."

"खरा?"

"देवाशपथ."

काकीनं मान हलवली. घरी येऊन तिनं आंघोळ केली आणि स्वयंपाकाला लागली. हाय तिथंच हाय, हे वाक्य तिनं धरून ठेवलं. पुढची सगळी वर्षं ती त्याच्यावर जगली, असं म्हटलं तर अतिशयोक्ती होणार नाही.

गोदाम उभं राहिलं. आधी त्यात रंगाचे ड्रम होते, मग टीव्हीचे खोके, मग ऑनलाइन मागवलेला सतरा प्रकारचा माल. काकी दर कार्तिकात तिथं जायची. कोपऱ्याचा अंदाज तिनं रस्त्यावरच्या मोरीवरून धरला होता. आतमध्ये पिवळे पट्टे मारलेली सिमेंटची जमीन, तिथं ती भाकरीचा तुकडा ठेवायची आणि हात जोडायची. एकदा मी सोबत होते. वॉचमन नवा होता, बिहारचा. त्यानं विचारलं, "अम्मा, इधर क्या रखा है तुम्हारा?"

काकी म्हणाली, "लडकी हाय मेरी. नीचे."

त्याला आधी समजलं नाही. मग समजलं. त्यानं पायातल्या चपला काढल्या आणि बाजूला उभा राहिला. हा माणूस नंतर नोकरी सोडून कुठं गेला माहीत नाही. त्या गोदामात मला भेटलेला तो एकच माणूस, ज्याला तिथं खाली काही असू शकतं हे खरं वाटलं.

धर्माकाका गेला. किशोर मोठा झाला, सगळं त्याच्या हाती आलं. तो वाईट मुलगा नाही. आईला जपतो, मला ताई ताई करतो, गावच्या जत्रेला सढळ हातानं देतो. आता जुनी पत्र्याची गोदामं चालत नाहीत, उंच लागतात, आणि आगीच्या नियमासाठी जमिनीखाली पाण्याची मोठी टाकी लागते. म्हणून त्यानं जुनं गोदाम पाडलं. यंदा कार्तिकात त्याचा फोन आला.

"ताई, ये जरा. टाकी नेमकी त्या कोपऱ्यात येतेय. आईला कोनी तरी सांगितलं. ती तिथंच बसून हाय, उठतच न्हाय."

मी रिक्षानं गेले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कंटेनर उभे होते, धूळ इतकी की नाकाला रुमाल लावावा लागला. काकी गेटाजवळ प्लास्टिकच्या खुर्चीत बसली होती. आता ती वाळून काटकी झालीय, पण डोळे तेच. मांडीवर एक नवं पांढरं फडकं, घडी घातलेलं.

"ये," ती म्हणाली. "काली माती लागली की थांबाचा, असा मी सांगितलंय त्यांना. मंग हातानं काढाची. जा काय मिलंल ता या फडक्यात घेयाचा, आन खाडीवर नेयाचा. आता तरी."

किशोर मला बाजूला घेऊन म्हणाला, "काय मिळणार हाय ताई इतक्या वर्सांनी? पन मी न्हाय म्हनलो न्हाय. पोकलेनवाल्याला सांगितलंय, सावकाश घे."

पोकलेन चालवणारा झारखंडचा तरुण होता. त्यानं खरंच सावकाश घेतलं. आधी काँक्रीटची लादी फोडली. खाली मुरूम, आमच्या टेकडीचा. मी खड्ड्याच्या काठावर उभी होते आणि कापलेली भिंत डोळ्यांसमोर उघडत होती. जन्मभर फळ्यावर काढलेली आकृती मी पहिल्यांदा खरी बघत होते, आणि ती आमच्याच शेतात. मुरमात फुटक्या लाद्या, कपबशीचे तुकडे, सायकलचं टायर. रंगीत सुताचे गुंतवळे होते, कुठल्या तरी कारखान्यातला टाकाऊ माल, आणि त्यांचा गुलाबी रंग जराही उडाला नव्हता. गुटख्याच्या पुड्या होत्या, त्यांच्यावरची अक्षरं वाचता येत होती. दुधाच्या पिशवीवरची गाय हसत होती. भाताची कणसं, चिंबोऱ्या, माणसं, यांतलं काही उरत नाही. हे उरलं होतं. या युगाला माणसाचं नाव द्यायचं की नाही यावर शास्त्रज्ञ वाद घालतात, मी वाचलंय. आमच्या पुरता तो वाद मिटलेला होता. फक्त नाव द्यायला माणसाचं कशाला हवं, पुडीवर छापलेलं होतंच.

मग पलीकडच्या बाजूला, खड्ड्याच्या खाडीकडच्या भिंतीत, काळी रेघ दिसली. मुरमाच्या भारानं दबून हातभरही उरली नव्हती, पण काळी, ठाम. तिच्या वरच्या कडेला भाताची खुंटं अजून आडवी पडलेली दिसत होती, काळ्या दोऱ्यांसारखी. शेवटच्या कापणीची. तिच्याखाली निळसर करडा चिखल, शिंपल्या.

मी रेघेवरून नजर सरकवत रस्त्याकडच्या कोपऱ्यापर्यंत आणली. आणि रेघ तुटली.

कोपऱ्यात काळी माती नव्हतीच. तांबडा मुरूम सरळ खाली गेला होता आणि निळ्या चिखलात घुसला होता. चिखलावर यंत्राच्या दातांचे ओरखडे होते, मुरमानं भरलेले, कालच ओढल्यासारखे. मधला थरच गायब. भूगोलात असं असतं. खालचा थर आणि वरचा थर एकमेकांना चिकटून बसतात, जणू मधे काही घडलंच नाही. नद्या आणि समुद्र हे काम करतात तेव्हा त्यांना युगं लागतात.

मी किशोरकडे बघितलं. त्याला रेघ कळत नव्हती, पण माझं तोंड कळलं.

"इथली माती कुठं गेली?" मी विचारलं.

त्यानं चपलेनं मुरमाचा एक खडा खड्ड्यात ढकलला. मग म्हणाला, "रस्त्याकडची माती आधी वीटभट्टीवाल्यानं उचलली व्हती ताई. भरावाच्या अगोदर, आई वसईला व्हती तेव्हा. सगळेच द्यायचे तेव्हा. काळी माती विटेला चांगली. मी लहान व्हतो, मला वाटलं वरवरची उचलली असंल."

"काकाला माहीत होतं?"

"त्यांनीच दिली ना."

पोकलेन थांबलं होतं. काकी खुर्चीतून उठून आमच्याकडे येत होती, फडकं छातीशी धरून. खड्ड्याच्या काठावर तिनं माझा दंड पकडला आणि खाली वाकून बघायला लागली. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे. तिला लांबचे फक्त रंग दिसतात.

"लागली का काली माती?" तिनं विचारलं. "तू शालंत शिकवलंस हाच. तूच सांग मना."

किशोर काकीच्या पाठीमागून मला मान हलवत होता. सांगू नको. पलीकडची काळी माती ओंजळभर आणून फडक्यात घातली असती तर तिला कळलं नसतं. ती खाडीवर गेली असती, पाण्यात सोडून मोकळी झाली असती. किशोर याच विचारात होता आणि तो दुष्ट विचार नव्हता. पण एका माणसानं तिला आधीच एकदा असंच मोकळं केलं होतं, देवाची शपथ घेऊन. आणखी एक खोटा थर मला तिच्यावर घालवेना.

"काकी," मी म्हटलं, "शेत आहे खाली. पण या कोपऱ्यात नाही. इथली माती भराव घालायच्या आधीच काढून नेली होती. वीटभट्टीला."

तिनं माझा दंड सोडला नाही. पोकलेनचं इंजिन नुसतंच गुरगुरत होतं.

"कोनी दिली?"

मी किशोरकडे बघितलं. त्यानं मान खाली घातली. तिला उत्तर मिळालं.

"म्हंजे मी इतकी वर्सं सिमिटाला हात जोडले," ती म्हणाली. आवाज चढला नाही. "आन तो बघत व्हता. मी भाकर घेऊन निंगायची, तवा तो ओटीवर बसून बघायचा. येक दिवस तरी बोलाचा व्हता."

किशोर पुढे आला, तिच्या पायाशी बसला. "आई, ऐक. मी इथं गेटाजवळ एक देवळी बांधतो. चांगली संगमरवरी. वनीच्या नावाची. दर कार्तिकात दिवा लावू."

"नको."

"अगं, तुझ्या मनासाठी..."

"जिथं ती न्हाय तिथं तिचा देऊल नको. आता तुमी काय खोटा बांदू नका. टाकी बांदा, टाकी खरी हाय."

तिनं ते फडकं किशोरच्या खांद्यावर ठेवलं, आणि मला म्हणाली, "मना तुझ्याकडं घेऊन चल. आज मना त्या घरात जेववायचा न्हाय."

पोकलेनवाल्यानं किशोरकडे बघितलं. किशोरनं हात वर केला, खाली केला. यंत्र पुन्हा सुरू झालं. आम्ही गेटाबाहेर पडेपर्यंत खाडीकडची काळी रेघही बादलीत आली होती. डंपर भरत होता. ती माती कुठं जाणार हे मी विचारलं नाही. कुठंतरी भरावालाच जाणार, अजून एखादं खाजण शिल्लक असेल तिथं.

रिक्षात काकी कडेला बसली. मी भट्टीबद्दल बोलायला सुरुवात केली, ती भट्टी आता नाही, तिथं इमारती आहेत वगैरे, आणि मधेच थांबले. त्या वर्षांत त्या भट्टीच्या विटा भिवंडीभर गेल्या होत्या. चाळींना, कारखान्यांना, शाळेच्या कुंपणाला. कदाचित मी ज्या वर्गात थर शिकवायचे त्या वर्गालाही. हे काकीला सांगायची गरज नव्हती. रिक्षा शहरात शिरली तशी ती पदर डोक्यावर ओढून दोन्ही बाजूंच्या भिंती बघायला लागली होती. तिला रंगापलीकडे काही दिसत नव्हतं, तरी बघत होती.

नारपोलीत ट्रॅफिक तुंबलं. रिक्षा एका यंत्रमागाच्या कारखान्याला खेटून उभी राहिली. जुनी भिंत, गिलावा पडलेला, आतल्या विटा उघड्या. काकीनं रिक्षातून हात बाहेर काढला आणि तळवा विटांवर ठेवला.

"ही कवाची?"

"त्याच सुमाराची असेल," मी म्हटलं. "सांगता येत नाही."

ती हात तसाच ठेवून बसली. थोड्या वेळानं म्हणाली, "किती थरथरते गं."

"आत लूम चालू आहेत, काकी."

"कवा बंद व्हतात?"

"होत नाहीत. एक शिफ्ट सुटली की दुसरी येते."

पुढची गाडी हलली. रिक्षावाल्यानं गिअर टाकला, तेव्हा काकीनं हात काढून घेतला आणि पदरात गुंडाळून मांडीवर ठेवला.

"मंग झोप कशी लागाची?" ती म्हणाली.

कोणाला, ते तिनं सांगितलं नाही.